मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा आणि आपला खानदेशी कापूस

कपाशीवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

जिनिंगचा धंदा असलेल्या घरात मँचेस्टरचं नाव कुणी प्रेमाने घेत नाही. 'आपला कापूस पाण्याच्या भावात नेला आणि त्याचंच धोतर आपल्याला विकलं' हे आमचे आजोबा आल्यागेल्याला ऐकवायचे. त्यामुळे त्या गावच्या ऑर्केस्ट्राचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा खोडी काढायचाच हेतू होता. वाचता वाचता गुंतलो, म्हणून हा धागा.

१८५७ साली इकडे उठाव पेटलेला असताना तिकडे मँचेस्टरमध्ये कलावस्तूंचं अवाढव्य प्रदर्शन भरलं होतं, मे ते ऑक्टोबर. तिथे वाजवायला मोठा वाद्यवृंद हवा होता. तो उभा करायचं काम चार्ल्स हॅले या पियानोवादकाकडे आलं. हा मूळचा जर्मन, हागेन गावचा, जन्म १८१९. तरुणपणी पॅरिसमध्ये शोपँ, लिस्त, बेर्लिओझ या नामांकित संगीतकारांच्या ऊठबशीतला. १८४८ च्या क्रांतीत पॅरिसमधलं त्याचं बस्तान मोडलं, तो इंग्लंडला आला आणि शेवटी मँचेस्टरला टिकला. तिथे कापसाच्या व्यापारात जर्मन लोक पुष्कळ होते. (फ्रेडरिक एंगल्सही त्याच काळात त्याच गावात बापाच्या भागीदारीतल्या सुताच्या कंपनीत हिशेब बघत होता. भांडवलशाहीवर टीका लिहिणाऱ्या मार्क्सचं घर या कापसाच्या पैशावर चालायचं, हे जाता जाता.)

प्रदर्शन संपलं. जमवलेले वादक आता पांगणार. हॅलेला ते बघवेना. त्याने स्वतःच्या जोखमीवर नियमित मैफली करायचं ठरवलं. पहिली मैफल ३० जानेवारी १८५८, फ्री ट्रेड हॉलमध्ये. त्या हंगामात तीस मैफली झाल्या. हिशेब लागला तेव्हा नफा निघाला अडीच शिलिंग, म्हणजे तीस पेन्स. मैफलीमागे एक पेनी! व्यवस्था बघणाऱ्या फोर्साइथ बंधूंनी तीन-तीन पेन्सांची दहा कोरी नाणी हातावर ठेवली, असं हॅलेनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. आमच्या धंद्यातला माणूस त्याच दिवशी शटर ओढून घरी गेला असता. याने पुढच्या हंगामाची जाहिरात केली, आणि श्रीमंतांच्या खुर्च्यांबरोबर स्वस्त तिकिटांच्या जागाही ठेवल्या.

आता त्या हॉलबद्दल. १८१९ साली जिथे मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातलं गेलं, ते पीटरलूचं मैदान. पुढे धान्यावरचे आयातकर उठवण्याची चळवळ झाली, ती जिंकल्याच्या खुशीत तिथेच हा हॉल १८५६ मध्ये बांधून झाला. व्यापारी धोरणाचं नाव दिलेलं सभागृह मी दुसरं ऐकलेलं नाही. मँचेस्टरचा सगळा स्वभाव त्या पाटीवर आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या परगण्यातल्या गिरण्यांना कापूस मिळेना, लाखो लोक बेकार झाले, खिचडीवर... म्हणजे त्यांच्या सूपवर जगायला लागले. ३१ डिसेंबर १८६२ ला याच फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. आमचे हाल झाले तरी चालतील, गुलामगिरी संपली पाहिजे, असं पत्र त्यांनी लिंकनला पाठवलं. जानेवारीत लिंकनने उत्तरही लिहिलं. आणि त्याच हिवाळ्यांत, त्याच छताखाली हॅलेच्या मैफली चालू होत्या.

गिरणीमालकांच्या नजरा तेव्हा आपल्याकडे वळल्या. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे त्याच दशकात चाळीसगाव, भुसावळपर्यंत आली. खानदेशात सरकारने हिंगणघाटी वाणाचं बियाणं पसरवायचा धोशा लावला, सरकी काढायची यंत्रं आली, भाव कधी नव्हे इतके चढले. जळगावचं व्यापारी पेठ म्हणून नशीब उघडलं ते तेव्हा. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि मुंबईच्या शेअरबाजाराबरोबर कापूसही आपटला.

आता मूळ प्रश्न. कापूस गेला, पैसा गेला, हे सगळं मान्य. तिकडच्या व्यापाऱ्याने त्यातला थोडा तरी पैसा वर्षानुवर्षं वादकांच्या पगाराला लावला आणि तो ऑर्केस्ट्रा आजही वाजतोय. आपल्याकडेही नंतर गिरण्या झाल्या, शेठ झाले, वाजवणारे तर गल्लोगल्ली होते. मग खानदेशात असं काही का टिकलं नाही?

---

भरीतपुरी

कडक! वाचनखूण साठवली. तीस पेन्सांचा किस्सा तर आमच्या नाट्यमंडळाच्या खजिनदाराला पाठवतोय.

---

तापीकाठ

लेख छान, पण एक गोष्ट खटकली. वाचणाऱ्याला वाटेल की खानदेशच्या कापसावर हॅलेचे व्हायोलिनवाले पोसले गेले. तसं नाही हो. युद्धाआधी लँकेशायरचा तीनचतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. आपला माल ही नाइलाजाची खरेदी होती. हिंदुस्थानातला जवळजवळ सगळा कापूस तिकडे 'सुरती' म्हणूनच ओळखला जायचा, आपलाही त्यातच. आखूड धाग्याचा, कचरा-सरकीने भरलेला, मागावर सतत तुटणारा. कामगाराला तुकड्यावर मजुरी, त्यामुळे धागा तुटला की त्याचा पगार तुटला. 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' अशी प्रार्थना तिकडे प्रसिद्ध झाली होती. एका दारूवाल्याने तर त्याच्या बिअरला कुणीतरी 'सुरती' म्हटलं म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लावला!

तेव्हा आपल्या कापसाने ऑर्केस्ट्रा जगवला वगैरे भावनिक जुळवाजुळव नको. एका अडचणीच्या काळात गिरण्या अर्धवट चालू ठेवायला त्याचा उपयोग झाला, इतकंच.

---

कपाशीवाला (धागाकर्ता)

तापीकाठ, 'पोसला' असं मी लिहिलेलं नाही, पण तुमचा मुद्दा रास्त. दारूवाल्याचा दावा माहीत नव्हता. एक जोडतो. माल आखूड धाग्याचा होता म्हणून तर लांब धाग्याच्या वाणांसाठी सरकार इतकं मागे लागलं. त्यांना खानदेशच्या शेतकऱ्याचं भलं करायचं नव्हतं, त्यांचा माग अडत होता.

---

उनाड

आमना गावमा आजबी व्यापारी आखूड धागा म्हनीसनच भाव पाडस. दीडशे वरीस व्हई ग्यात, डायलॉग तोच शे.

---

जंक्शनवाला

भुसावळकर असल्यामुळे गप्प बसवत नाही. या हॅलेशी आपल्याकडचा एक फार सरळ धागा आहे आणि तो कापसाचा नाही. मेहली मेहता!

मुंबईचे पारशी, जन्म १९०८. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी हौशी मंडळी, गोव्याचे वादक, हॉटेलांत वाजवणारे युरोपीय, नौदलाच्या बँडमधले लोक, असं मिळेल तिथून माणूस उचलायचं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गालामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकले, परत आले, आणि पुढे १९५५ च्या सुमारास थेट मँचेस्टरला. हॅले ऑर्केस्ट्रात कंडक्टर सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली दुय्यम लीडर, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादकाच्या खालोखालचा वादक, म्हणून बसले. चारपाच वर्षं तिथे काढून मग अमेरिकेला गेले. म्हणजे ज्या माणसाने मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला तो चाळिशी उलटल्यावर दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात पहिल्या बाकावर, पण दुसऱ्या खुर्चीवर. कारण तिथे महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि मुंबईत नव्हता. कपाशीवाला, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे बघा.

त्यांचा मुलगा झुबिन १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकला. लिव्हरपूल म्हणजे आपल्या कापसाच्या गाठी जिथे उतरायच्या ते बंदर. तापीकाठ, ही जुळवाजुळव आहे, मान्य. :)

अवांतर: आमच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन आणि गोवन कुटुंबं होती तोवर नाताळात व्हायोलिन-पियानो ऐकू यायचे. ती मंडळी ऑस्ट्रेलियाला, मुंबईला गेली. पियानो मात्र इथेच राहिला, पुढे त्यावर कॅरमचं सामान ठेवायचे.

---

मेधा_धुळे

'खानदेशात पैसेवाल्यांनी काही केलं नाही' असा सूर लागतोय, तो मला पटत नाही. अमळनेरचे प्रताप शेठ बघा. कापड गिरणीचा मालक, आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं! देशभरातले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक अमळनेरसारख्या गावात येऊन राहायचे, विद्यावेतन घेऊन अभ्यास करायचे. साने गुरुजी तिथे गेले होतेच, पुढे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षकही झाले. नंतर प्रताप कॉलेज. जळगावला मुळजी जेठांच्या नावाचं कॉलेज आहे. म्हणजे गिरणीच्या पैशाचं दान झालं, फक्त ते शिक्षणाकडे आणि अध्यात्माकडे गेलं. ज्या समाजात शाळाच नव्हत्या तिथे आधी शाळा काढायच्या की ट्रॉम्बोन घ्यायचे?

आणि संगीताचंही अगदीच वाळवंट नव्हतं. लहानग्या नारायण राजहंसांनी, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांनी, गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावातच मेहबूब खानांकडे घेतले. आजही जळगावात बालगंधर्वांच्या नावाने दर जानेवारीत संगीत महोत्सव होतो, लोक थंडीत शाली गुंडाळून रात्री उशिरापर्यंत बसतात. चाळीसगावला केकी मूस होते. इंग्लंडात शिकून आलेला, फोटोग्राफी, चित्रकला, संगीत सगळ्यात बुडालेला कलावंत स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्यभर राहिला. पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवून तो कुणाची तरी वाट बघायचा, असं लोक अजून सांगतात.

---

तापीकाठ

मेधाताई, केकी मूस एकटे होते हाच तर मुद्दा. बालगंधर्व महोत्सवही तीन रात्रींचा. गायक येतो, गातो, बिदागी घेऊन पुढच्या गाडीने जातो. ऑर्केस्ट्राला साठसत्तर माणसं त्याच गावात, बायकापोरांसह, वर्षभर ठेवायला लागतात. आपला आश्रय नेहमी एका मोठ्या कलावंताला दिलेला आश्रय आहे. दुसऱ्या रांगेत वाजवणाऱ्या माणसाला महिन्याचा पगार द्यावा, असं आपल्याकडे कुठल्याच शेठला वाटलं नाही. संस्थानिकांना वाटलं. मध्य प्रदेशातलं मैहर संस्थान बघा.

---

जंक्शनवाला

मैहर! बरं झालं आठवण केलीत. काशीकडच्या आपल्या गाड्या इटारसी-जबलपूरवरून मैहरवरूनच जातात. शारदामातेला जाणारे इथले पुष्कळ, पण बँड ऐकून आलेला एक सापडायचा नाही.

बाबा अल्लाउद्दीन खाँ १९१८ मध्ये राजा ब्रिजनाथ सिंहांच्या पदरी आले. साथीच्या रोगांनी अनाथ झालेली मुलं त्यांनी गोळा केली आणि त्यांना वाद्यं शिकवली. सतार, सरोद, तबला यांच्या बरोबरीला व्हायोलिन, चेलो, क्लॅरनेट. शिवाय बंदुकांच्या नळ्या कापून सुरात लावलेलं नलतरंग. बाबांनी या वृंदासाठी शेकडो रचना बांधल्या. संस्थान गेलं, पण मैहर वाद्यवृंद पुढे सरकारच्या आधाराने चालू राहिला. हा आपल्या देशातला अस्सल गावचा ऑर्केस्ट्रा. हॅलेच्या मैफली सुरू झाल्या त्यानंतर साठ वर्षांनी, पण मूळ अडचण तीच: शिकवलेली पोरं पांगू द्यायची नाहीत.

---

पाचोरेकर

बरेच दिवस फक्त वाचतोय, आज लिहितो. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. आम्ही मातंग समाजाचे. आमच्या भागातल्या बँडमध्ये वाजवणारे बहुतेक आमच्यातले नाहीतर मुसलमान. वर 'वाजवणारे गल्लोगल्ली होते' असं एका वाक्यात उरकलंय, त्या गल्लीतून लिहितोय.

आधी काम कसं चालायचं ते सांगतो. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की मालकाकडे सुपाऱ्या यायला लागायच्या. इसार घेतला की तारीख वहीत. मालक वाजवणाऱ्यांना हंगामाच्या आधी उचल द्यायचा, ती हंगामभर फेडायची. क्लॅरनेट आणि ट्रम्पेट गाणं उचलणार, युफोनियम खालून भरणार, सॅक्सोफोन मधे, मग साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा. वाद्यं मेरठची, जाळी कोठीत बनलेली. कागदावर नोटेशन नाही. बँडमास्तर रेडिओवर, नंतर कॅसेटवर गाणं ऐकायचा, स्वतः बसवायचा, मग एकेकाला त्याचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवायचा. दुपारी हळद, संध्याकाळी परण्या, रात्री वरात. मे महिन्यात पाचोऱ्याच्या उन्हात पितळ इतकं तापायचं की ट्रम्पेटवाले फडकं गुंडाळून धरायचे. उन्हात वाद्याचा सूर चढतो. क्लॅरनेट लाकडाचं किंवा एबोनाइटचं, पितळ त्याहून वेगळं चढतं, मग वडील तोंडाकडचा सांधा जरासा बाहेर ओढून जुळवून घ्यायचे. हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

पहिला पाऊस पडला की संपलं. चार-पाच महिने शेतावर मजुरी. नांगराच्या मुठीने बोटं जाड होतात, क्लॅरनेटची भोकं नीट झाकली जात नाहीत, म्हणून वडील निंदणीचं काम मागून घ्यायचे. त्याला लोक हसायचे, बायकांचं काम करतो म्हणून.

आता मान्यतेचं. ज्याच्या दारात आम्ही रात्रभर वाजवलं त्याच्या पंगतीत आम्ही नाही. आमचं पान मागच्या बाजूला, उशिरा. त्यामुळे 'शेठ लोकांनी वादकांना आश्रय का दिला नाही' याचं उत्तर तुम्ही सगळे अर्थशास्त्रात शोधताय, पण ते बरंचसं पंगतीत आहे. गायकाला गादीवर बसवता येतं. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला ओसरीवर कोण घेणार होतं?

कपाशीवाला, मला तुम्हाला एक विचारायचंय. हॅलेचे वादक पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्या बिनहंगामात काय करायचे?

---

भरीतपुरी

पाचोरेकर, दंडवत. धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

---

मेधा_धुळे

पाचोरेकर, पंगतीचं वाचून थांबले. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण लिहीत राहा. यावर वेगळा धागा व्हायला हवा.

---

कपाशीवाला (धागाकर्ता)

पाचोरेकर, तुमच्या प्रश्नासाठी पुन्हा पुस्तकं उघडली. उत्तर ऐकून वडलांना बरं वाटेल की वाईट, माहीत नाही.

हॅलेचे वादकही हंगामीच होते, आणि थोडेथोडके दिवस नव्हे, ऐंशीएक वर्षं. नेमणूक फक्त हिवाळ्याच्या मैफलींपुरती. उन्हाळ्यात ते समुद्रकाठच्या गावांना, ब्लॅकपूल, लँडिडनो अशा ठिकाणी, सहलीला आलेल्या लोकांपुढे वाजवायचे. कुणी नाटकगृहात, पुढे मूकपट आले तेव्हा सिनेमागृहात. वर्षभराचा पगार मिळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं.

मधला इतिहास पटकन सांगतो. हॅले १८९५ मध्ये वारला. जाण्याआधी दोन वर्षं त्याने मँचेस्टरमध्ये संगीताचं कॉलेज काढलं, म्हणजे वादक परदेशातून आणायला नको. तो गेल्यावर बंद पडायची वेळ आली, तेव्हा हेन्री सायमन, गुस्ताव बेरेन्स आणि जेम्स फोर्साइथ या तिघांनी तूट आली तर आम्ही भरू असं लिहून दिलं. सायमनचा धंदा पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवायचा, बेरेन्स व्यापारी, आणि फोर्साइथ म्हणजे तीस पेन्सवाल्या भावांपैकीच. १८९९ मध्ये रीतसर सोसायटी झाली, तिच्यामागे असेच हमी देणारे लोक. मग व्हिएन्नाहून हान्स रिश्टर कंडक्टर म्हणून आला. एल्गार या इंग्लिश संगीतकाराची पहिली सिम्फनी जगात पहिल्यांदा वाजली ती ३ डिसेंबर १९०८ ला, याच गावात, याच लोकांकडून.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. १९४० च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल जळाला. बरेच वादक बीबीसीच्या तिथल्या ऑर्केस्ट्राशी वाटून घेतलेले होते. १९४३ मध्ये त्यांना सांगण्यात आलं, एक काहीतरी निवडा. बहुतेकांनी बीबीसीची बांधलेली नोकरी निवडली. बार्बिरोली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सोडून जूनमध्ये मँचेस्टरला उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ऑर्केस्ट्रा निम्माच शिल्लक आहे आणि पहिली मैफल महिन्याभरावर. तरुण पुरुष सगळे लढाईवर. त्याने दिवसदिवस बसून येईल त्याची परीक्षा घेतली. बासरीला एक शाळकरी मुलगा मिळाला, हॉर्नला एक शाळामास्तरीण, आणि आजूबाजूच्या पितळी बँडमधून वादक उचलले. पाचोरेकर, तिकडे गिरण्या-खाणींतल्या कामगारांचे पितळी बँड असायचे, दिवसा माग चालवायचा आणि रात्री कॉर्नेट. त्या बँडवाल्यांना थेट सिम्फनीच्या खुर्चीत बसवलं. ५ जुलै १९४३ ला ब्रॅडफर्डच्या एका नाटकगृहात पहिली मैफल झाली. पुढे कित्येक वर्षं हॉल नव्हता म्हणून चर्चचं सभागृह आणि चक्क प्राणिसंग्रहालयाशेजारची सर्कसची रिंगण-इमारत यांत वाजवायचे.

त्यात बायका पुष्कळ होत्या. याच ऑर्केस्ट्राने १९२० च्या सुमारास, हॅमिल्टन हार्टी कंडक्टर असताना, सगळ्या बायकांना काढून टाकलं होतं. दौऱ्यावर राहण्याची सोय होत नाही, वाजवण्यात एकजीवपणा राहत नाही, अशी कारणं दिली होती. वीसेक वर्षांनी त्यांच्याशिवाय पान हलेना.

---

तापीकाठ

म्हणजे मान-मरातब तिथेही आयता नव्हता, युद्धाने गळ्यात पडला. तरी एक फरक मला मोठा वाटतो: बँडमधला माणूस खुर्चीत बसल्यावर त्याची जात विचारणारा तिथे कुणी नव्हता. वर्ग होता, पण वर्ग बदलता येतो. पाचोरेकरांचा मुद्दा मी माझ्या आधीच्या प्रतिसादापेक्षा वजनदार मानतो.

---

उनाड

मंग आते खानदेश सिम्फनी काढाना का? पहिला कार्यक्रम सारंगखेडाना यात्रामा. घोडा बी नाचतीन.

---

जंक्शनवाला

उनाडभाऊ, हसण्यावारी नेऊ नका. मुंबईतही हे फार जुनं नाही. एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेंगालियेव यांनी सुरू केला. पहिल्यापासून बरेच वादक कझाकस्तानातून यायचे, भारतीय मोजके. हॅलेसारखंच पुढे त्यांना मुलांसाठी शिकवणीचा वर्ग काढावा लागला. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये सुरुवात केलेल्या शहरात सत्तर वर्षांनी पुन्हा बाहेरून माणसं आणायची वेळ आली, यावरून काय ते समजा. मधल्या काळात त्या शहरातले तयार वादक, बहुतेक गोवन, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत होते. शिफ्टवर पैसे, रोजच्या रोज. कीबोर्ड आले तसं तेही गेलं.

---

पाचोरेकर

आमच्याकडेही तेच. आधी गाडीवर कॅसिओ आला आणि सहा माणसं कमी झाली. मग डीजे. आता बँडला सुपारी मिळते ती मिरवणुकीच्या पहिल्या अर्ध्या तासाची, फोटोपुरती. कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) विसर्जनाला अजून बोलावतात, तिथे म्हाताऱ्या बायका डीजे चालवून घेत नाहीत. वडलांचं क्लॅरनेट माझ्याकडे आहे, मला सरगमपलीकडे येत नाही. पुतण्या ट्रम्पेट शिकतोय. पोलीस बँडमध्ये भरती निघते ना, तिथे कायमची नोकरी.

काल वडलांना मोबाइलवर हॅलेची एल्गार ऐकवली. पाऊण तासाच्या वर आहे, पूर्ण ऐकली. म्हणाले, दोन क्लॅरनेट आहेत, पहिला चांगला आहे, पण दुसरा जास्त चांगला आहे, कारण तो कळू देत नाही. मग विचारलं, त्या दुसऱ्याला पगार कोण देतं?

---

कपाशीवाला (धागाकर्ता)

त्यांना सांगा, एक कुणी देत नाही. थोडा तिकिटांतून, थोडा तिकडच्या सरकारी कलामंडळाच्या अनुदानातून, थोडा स्थानिक पालिकांकडून, बाकी देणग्या आणि कंपन्या. १९९६ मध्ये नवा ब्रिजवॉटर हॉल मिळाला आणि त्यानंतर दोनच वर्षांत कर्जापायी दिवाळं निघायची पाळी आली. माणसं कमी केली, लोकांकडे हात पसरले, २००० मध्ये कंडक्टर म्हणून मार्क एल्डर आला आणि गाडी रुळावर आली. तो २०२४ पर्यंत होता, आता काचुन वाँग नावाचा सिंगापूरचा तरुण आहे. जुना फ्री ट्रेड हॉल आता हॉटेल आहे. तालीम चालते ती अँकोट्स भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये, आजूबाजूला सगळ्या सुताच्या गिरण्या, त्यांचे आता फ्लॅट झालेत.

आणि पुतण्याला ट्रम्पेटबरोबर नोटेशन वाचायला शिकवा. पोलीस बँडलाही ते लागतं. जळगावात शिकवणारं कुणी मिळालं तर मी पत्ता काढून इथेच कळवतो.

---

मेधा_धुळे

धुळ्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, स्टाफ नोटेशन शिकवतात. पाचोरेकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.